साळवे मॅडमना न येणाऱ्या गोष्टी

साळवे मॅडम आमच्या कॉलेजात रुजू झाल्या त्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "मॅडम, नेटवर्किंगचं काम येतं ना तुम्हाला?"

"नाही सर. ते नाही येत मला," मॅडम म्हणाल्या. संकोच नाही, ओशाळणं नाही. पंगतीत 'लोणचं नको' म्हणावं तितक्या सहज. वर म्हणाल्या, "पण इथं कुणाला येत असेल तर शिकवा की. मी लवकर शिकते."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कॉम्प्युटर विभागात तोवर मी एकटाच होतो, आणि मुलाखतीत नेटवर्किंग 'उत्तम' येतं असं मी सांगितलं होतं. पुण्याला शिकत असताना मी एका लॅबच्या काचेतून नेटवर्क बघितलं होतं, त्या अर्थानं ते अगदीच खोटं नव्हतं. मी मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला. प्राचार्य मात्र खूश झाले. 'येत नाही' हे वाक्य त्या खोलीत त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी शिपाई नानाला हाक मारून मॅडमसाठी स्पेशल चहा मागवला. मी रुजू झालो तेव्हा त्यांनी मला फक्त मस्टर कुठं असतं ते दाखवलं होतं.

माझं पोट दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. पुढं साळवे मॅडम आमच्याकडं होत्या तोवर ते दुखणं काही बरं झालं नाही, आणि आज हे लिहितानाही ते पुरतं गेलंय असं मी म्हणणार नाही.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बारामतीत तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चपला दाराबाहेर काढून बघायची वस्तू होती. सुनंदा साळवे इंदापूरच्या. वडील एसटीत कंडक्टर. त्या स्वतः रोज इंदापूर-बारामती एसटीनं यायच्या. बेताच्या उंचीच्या, सुती साडी, उजव्या हातात घड्याळ, आणि आवाज असा की वडिलांनी डबल बेल मारायचं काम घरीच देऊन ठेवलं होतं की काय वाटावं. प्राचार्यांशी बोलताना त्यांची भाषा पुस्तकातली असायची. नानाशी, मुलांशी आणि यंत्रांशी बोलताना ती तडक इंदापूर स्टँडवर जायची.

खुर्चीवर बसून त्यांना काम जमायचं नाही. लॅबमध्ये त्या सतरंजी अंथरायच्या, मांडी घालायच्या, कीबोर्ड मांडीवर घ्यायच्या आणि मान वर करून पडद्याकडं बघायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मुलं काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "खुर्चीवर पाय लोंबकाळत्यात सर. पाय लोंबकाळले की डोकं बी लोंबकाळतं." आठवड्याभरात निम्मी मुलं सतरंजीवर बसायला लागली. मी टाय लावून खुर्चीवर, आणि माझ्या पायाशी सगळा वर्ग माझ्याकडं पाठ करून.

बिघडलेल्या मशीनपुढं त्या भाकरी-चटणीचा डबा उघडून बसायच्या आणि पडद्यावरचे चुकांचे संदेश बातम्या वाचाव्यात तसे मोठ्यानं वाचायच्या. मधेच म्हणायच्या, "व्हय गं बाई, कळलं. पर कुठं दुखतंय ते तरी सांग." मला म्हणायच्या, "यंत्र खोटं बोलत न्हाय सर. आपूनच नीट आईकत न्हाय." मी हसण्यावारी न्यायचो, आणि त्या बाहेर गेल्या की तोच संदेश हळू आवाजात वाचून बघायचो.

पण त्यांचं खरं शस्त्र होतं विचारणं. ट्यूब पंक्चर कशी काढतात हे नानाला विचारायच्या. अर्थिंग कशाला लागतं हे वायरमनला विचारायच्या. नापास झालेल्या मुलाला विचारायच्या, "हे तुला कसं समजलं न्हाय, ते मला समजत न्हाय, सांग बरं." आणि तो सांगायला लागला की सांगता सांगता त्यालाच समजायचं. माझ्याकडं मुलं शंका घेऊन यायची, भीत भीत. मॅडमकडं मुलं उत्तरं घेऊन जायची, पळत पळत. विचारणाऱ्या माणसावर लोकांचा जीव जडतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी आपला उत्तरं पाठ करत मोठा झालो होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मॅडमनी माझ्या घरात हात घातला.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. म्हातारपणी कळप विकला आणि बारामतीजवळ जळोचीला आमच्या घराच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसायला लागले. बोलणं फार कमी. माणसांची स्तुती तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मी एम.एस्सी. झालो, आमच्या सगळ्या भावकीत पहिलाच. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "बरं. जेवलास का?" नोकरी लागली तेव्हाही "बरं." घर बांधलं तेव्हाही "बरं." मेंढरांचं मात्र वेगळं. चांगल्या मेंढ्याच्या पाठीवर थाप मारून ते "शाब्बास" म्हणायचे, ते मी लहानपणी कितीदा तरी ऐकलेलं. आणि एक मेंढी होती, दुसऱ्याच्या ज्वारीत तोंड घालून तात्यांची नजर वळायच्या आत कळपात येऊन उभी राहायची, काही झालंच नाही अशी. तिला ते "लबाड" म्हणायचे. तो शब्द म्हणताना त्यांचा सगळा चेहरा हसायचा. एवढं लाडाचं मी त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नाही. 'लबाड'ची आशा मी कधी धरली नाही, पण एकदा तरी पाठीवर थाप पडावी, 'शाब्बास' ऐकावं, एवढं मात्र मला फार वाटायचं. पस्तिशीच्या माणसाला हे वाटणं शोभत नाही, म्हणून मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला बायकोनं मॅडमना घरी बोलावलं. मॅडम आल्या आणि आत यायच्या आधी ओट्यावर तात्यांच्या शेजारीच टेकल्या.

"तात्या, मला मेंढरं सगळी एकासारखी एक दिसत्यात. तुमी वळखायचा कसं वो?"

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता 'हं' म्हणून गप्प बसतील. तर म्हणाले, "तुजी साळंतली पोरं तुला एकासारखी एक दिसत्यात का?"

"पयल्या दिवशी दिसत्यात की."

तात्या खळखळून हसले. आणि मग जे बोलायला लागले ते थांबेनात. चहा गार झाला, बायकोनं पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. कोकणाच्या वाटेवर लांडगा आडवा आला होता, एका पुरात कळप झाडाला बांधलेल्या दोरीच्या आधारानं पार केला होता, माझ्या आईला त्यांनी पहिल्यांदा कुठल्या विहिरीवर बघितलं होतं, हे सगळं मी दारात उभा राहून ऐकलं. माझ्याच बापाच्या गोष्टी मला पाहुण्या बाईच्या निमित्तानं ऐकायला मिळत होत्या. मॅडम गेल्यावर मी तात्यांना म्हणालो, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कवा इचारलं?" तात्या म्हणाले.

पुढं एकदा तात्यांना नरसिंहपूरला नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. मला रजा नव्हती. इंदापूरला गाडी बदलावी लागते म्हणून मी काळजीत होतो, तर मॅडम म्हणाल्या, "मी हाय की तितं." त्या दिवशी रजा टाकून त्या तात्यांना इंदापूर स्टँडवर घ्यायला आल्या आणि गाडीत बसवून देण्याऐवजी स्वतःही गाडीत चढल्या. म्हणे, भीमा आणि नीरा कुठं मिळतात ते बघितलं नव्हतं. मॅडम बौद्ध घरातल्या, तिथल्या नरसिंहाच्या देवळाच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. तात्या लग्न उरकून येईपर्यंत संगमावर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

तात्या परत आले ते एकच गोष्ट सांगत. गाडीची खिडकी गच्च बसली होती, आत जीव गुदमरत होता, दोन दांडग्या गड्यांनी जोर लावला तरी ती हलली नाही. "ही पोरगी उठली. डब्याच्या कडंनं खिडकीच्या कोपऱ्यावर एक ठोका हाणला आन् दोन बोटांनी ढकलली. सर्रदिशी उगडली! कंडाक्टरची लेक हाय." ही गोष्ट त्यांनी शेजाऱ्यांना सांगितली, किराणा दुकानदाराला सांगितली, मलाही पुन्हा पुन्हा सांगितली. मी कॉम्प्युटरचा मास्तर. माझी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

त्याच सुमारास ते पार्सल आलं. कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्यानं अमेरिकेतून आपला जुना लॅपटॉप आणि दोन वायरलेस कार्डं पाठवली होती. आता पोरासोरांच्या खिशात बिनतारी इंटरनेट असतं, तेव्हा आमच्यापैकी कुणी अशी वस्तू डोळ्यांनी बघितली नव्हती. कार्ड पत्त्याच्या पानाएवढं, जरा जाड, आणि टोकाला काळ्या प्लास्टिकचं नाक. ते लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत सरकवायचं आणि दुसरं कार्ड हॉलमधल्या कॉम्प्युटरला लावायचं. मग मधे तार नसताना दोघं एकमेकांशी बोलणार. लॅपटॉप पुसून कोरा करून पाठवला होता आणि कार्डांबरोबरची फ्लॉपी काही आली नव्हती. मॅडमकडं एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली, मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सीडी होती, ती त्यांनी त्यावर चढवली. लिनक्समध्ये आतलं सगळं उघडून बघता येतं याचं त्यांना फार अप्रूप. मला स्वतःला झाकलेलं बरं वाटतं.

प्राचार्यांनी जाहीर करून टाकलं की नव्या कॉम्प्युटर हॉलच्या उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांसमोर लॅपटॉप अंगणातल्या लिंबाखाली ठेवायचा आणि हॉलमधल्या मशीनवरचं चित्र त्यावर उमटवून दाखवायचं. "देवकाते, साळवे, तुम्ही दोघं बघा."

मी तेव्हाच ठरवलं, हे मी करणार. एकट्यानं. आणि त्या दिवशी तात्यांना घेऊन येणार. तारेशिवाय चित्र हवेतून येताना बघितल्यावर बघू 'बरं' म्हणतात का आणखी काही.

अडचण ड्रायव्हरची होती. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे मशीनला सांगणारा प्रोग्रॅम. मॅडम मुलांना सांगायच्या, "ट्रॅक्टर दारात हाय, डिझेल हाय, पर चालवणाराच न्हाय. आपल्याला तो गडी शोधायचाय." कार्ड खाचेत घातलं की लॅपटॉपमधून दोन शिट्ट्या वाजायच्या. दोन्ही उंच वाजल्या तर काम झालं. पहिली उंच आणि दुसरी खालच्या सुरात वाजली तर कार्ड ओळखलं, पण चालवता येत नाही. आमच्या लॅबमधून महिनोन् महिने 'टीं-टूं' ऐकू यायचं. नानासुद्धा चहा ठेवताना 'टीं-टूं' म्हणायला लागला.

मी पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि खणात कुलपात ठेवलं. रविवारी दुपारी लॅब उघडून एकटाच बसायचो. पुस्तकात बघून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा तयार करायचा, कार्ड घालायचं. टीं-टूं. कुणाला विचारणार? विचारलं असतं तर येत नाही हे कळलं असतं.

मॅडमनी सगळे चुकांचे संदेश फ्लॉपीवर घेतले आणि सुट्टी मिळेल तेव्हा एसटीनं पुणं गाठून तिथल्या सायबर कॅफेत बसायला लागल्या. लिनक्स वापरणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक ईमेलवरचा गट होता, त्यावर त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं: मला हे येत नाही, लहान मुलाला सांगतात तसं सांगा. मला तो मजकूर वाचून घाम फुटला. खाली आमच्या कॉलेजचं नाव होतं! जगभर शोभा! तर पुढच्या खेपेला मॅडम उत्तरांचा गठ्ठा घेऊन आल्या. फिनलंडच्या एका माणसानं पायरी-पायरीनं सगळं लिहिलं होतं. ब्राझीलच्या एकानं आधी बारामती कुठं आली हे विचारलं होतं आणि मग आपलं स्वतःचं कार्ड उघडून बघून कळवलं होतं. एका जर्मन माणसानं तर लिहिलं होतं की मलाही हे येत नाही, तुम्हाला समजलं की मला सांगा. जगाच्या पाठीवर जिथं जाईल तिथं या बाईला नाना भेटतच होते.

दोष दोन ठिकाणी होता. कंपनीनं कार्डाची आतली चिप बदलली होती आणि ड्रायव्हरला या नव्या कार्डाची ओळखच नव्हती. शिवाय लॅपटॉप या कार्डाला आणि आवाजाच्या चिपला एकच नंबर देत होता. "म्हंजी एका रेशनकार्डावर दोन कुटुंबं," मॅडम म्हणाल्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही दुरुस्त्या केल्या, सतरंजीवर मांडी घातली आणि कार्ड सरकवलं.

टीं-टीं.

बाहेर नानाच्या हातातला ट्रे खाली पडला. मुलांनी एकच गिल्ला केला. मॅडमनी डब्यातले गूळ-शेंगदाणे सगळ्यांना वाटले. माझ्याही हातावर ठेवले. मी "छान" म्हणालो, आणि कारलं चावल्यासारखं झालं. त्या दोन्ही गोष्टी माझ्या पुस्तकात होत्या. त्या परिच्छेदाखाली मी पेन्सिलीनं रेघही मारली होती. फक्त मला तो समजला नव्हता.

"सर, उद्या तात्यांना आणताय न्हवं?" मॅडमनी विचारलं. "मी कवाच सांगून ठेवलंय त्यांना."

म्हणजे तेही राहिलं नव्हतं माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते पांढरं धोतर, लाल पागोटं आणि खांद्यावर घोंगडी घालून. कॉलेजच्या आवारात ते पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. लिंबाखाली टेबलावर लॅपटॉप ठेवलेला. अध्यक्षांना दाखवायला म्हणून मॅडमनी कार्ड बाहेर काढून हातात धरलं होतं. अध्यक्ष हॉलमध्ये फीत कापत होते. तात्या थेट मॅडमपाशी गेले आणि कनवटीची चंची सोडली. आमच्यात शुभकार्याला भंडारा आणि खोबरं लागतं. भंडारा म्हणजे देवाची हळद. तात्यांनी चिमूट घेतली आणि मॅडमच्या कपाळाकडं हात नेला.

"तात्या, आमच्यात न्हाय लावत," मॅडम हसून म्हणाल्या. "पर खोबरं द्या की. दोन तुकडं द्या."

तात्यांना राग आला नाही. खोबरं दिलं. मग चिमटीतला भंडारा बघून म्हणाले, "मंग ह्यो तुज्या यंत्राला." आणि त्यांनी सढळ हातानं, मूठ भरून घेऊन, तो लॅपटॉपवर उधळला. "येळकोट!" म्हणाले. बिनतारी यंत्राला एवढा आशीर्वाद जगात दुसरीकडं कुठं मिळाला नसेल.

मॅडमनी पदरानं वरची हळद झटकली. तेवढ्यात अध्यक्ष आले, पाठोपाठ प्राचार्य, पाठोपाठ सगळं गाव. प्राचार्यांनी दोन वाक्यांत सांगायचं ते वीस वाक्यांत सांगितलं. मॅडमनी कार्ड सरकवलं.

टीं-टूं.

मॅडमनी कार्ड काढून पुन्हा घातलं. टीं-टूं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. प्राचार्यांचा चेहरा उतरला. आणि मी खरं तेच लिहितो, माझ्या मनात काहीतरी टुणकन उडी मारून उठलं. बाईंचं बिनसलं! आता कळू दे सगळ्यांना. मी अंग चोरून मागं उभा होतो, पण एक पाऊल पुढं सरकलो, चांगलं दिसावं म्हणून.

मॅडम खाली वाकल्या, खाचेत बघितलं. वाकलेल्याच तात्यांकडं वळल्या. तात्यांची बोटं पिवळी होती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. उठून उभ्या राहिल्या आणि त्या डबल बेलच्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, मला हे येत नाही. देवकाते सरांना येतं. सर, या, तुम्हीच बघा."

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं, त्या पहिल्या दिवसासारखं. चष्मा पुसायला वेळ नव्हता. मी वाकलो. खाचेच्या तोंडाशी पिवळी रेघ दिसली आणि सगळा प्रकार ध्यानात आला. भंडारा आतल्या बारीक पिनांवर जाऊन बसला होता. तसं म्हणालो असतो तर शेकडो माणसांत तात्यांची मान खाली गेली असती. मी नानाला म्हणालो, "सायकलचा पंप आण. धूळ गेलीय आत." पंप आला. तात्यांकडं पाठ करून मी हवा मारली. पिवळा धूर माझ्या पांढऱ्या शर्टवर बसला. कार्डाचं तोंड रुमालानं पुसलं, सरकवलं.

टीं-टीं.

हॉलमधलं चित्र लिंबाखाली उमटलं. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी माझ्याशी हात मिळवला, प्राचार्यांनी माझी ओळख 'आमचे नेटवर्किंगचे तज्ज्ञ' अशी करून दिली. मॅडम मागं उभं राहून खोबऱ्याचा दुसरा तुकडा खात होत्या. आणि मग गर्दीतून तात्या आले, माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, जोरात, मेंढ्याच्या पाठीवर पडायचा तसा.

"शाब्बास," तात्या म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं जळोचीच्या रस्त्यानं चालत घरी निघालो. रिक्षा नको म्हणाले.

"भंडारा गेला व्हता न्हवं आत?" तात्यांनी विचारलं.

मी शर्टवरची हळद झटकायला लागलो.

"मला दिसलं. पिवळा धूर निगाला. पोरीला आदीच दिसलं व्हतं. तिनं माज्या हाताकडं बगितलं, मंग तुज्याकडं."

"माहीत होतं तर मला शाब्बास का म्हणालात?" माझा आवाज जरा चढलाच.

तात्या काठी टेकत चालत राहिले. "नरशिंपूरला जाताना गाडीत ती मला म्हनली, तात्या, सरांना कवा शाब्बास म्हनलाय का? म्हनलं, न्हाय. का न्हाय? म्हनलं, मला येत न्हाय. मेंढराला म्हनता येतं, पोटच्या पोराला म्हनाया जीब उचलत न्हाय. तर म्हनली, मंग शिका की तात्या. मी न्हाय का रोज शिकत." त्यांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. "आज जमलं बग."

मी आयुष्यभर ज्या शब्दाची वाट बघितली तो मला मिळाला होता, पाठ अजून हुळहुळत होती. आणि तोसुद्धा साळवे मॅडमनीच मिळवून दिला होता. मला रडू यायला पाहिजे होतं. मला आला तो हेवा. माझ्या बापाला 'मला येत न्हाय' म्हणायला लावणं मला जन्मात जमलं नसतं, कारण मला स्वतःलाच ते वाक्य म्हणता येत नव्हतं.

ते वर्ष संपता संपता मॅडमना पुण्यात एका कंपनीत चांगली जागा मिळाली. निरोपसमारंभात मी भाषण केलं, ते बरं झालं असं लोक म्हणाले. जायच्या दिवशी मी बारामतीच्या स्टँडवर गेलो. तात्याही आले. आपली जुनी, जाड, काळी घोंगडी त्यांनी घडी करून आणली होती. "पुन्यात थंडी आसती," एवढंच म्हणून ती त्यांनी मॅडमच्या हातात दिली. त्या घोंगडीवर लहानपणी मी निजायचो.

मॅडम गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, घरून भांडून निघाल्यासारखे तोंड फुगवून बसलेले. खिडकी बंद होती. मला मॅडमना काहीतरी म्हणायचं होतं. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी खिडकीला दोन बोटं लावली, जरा ढकलल्यासारखं केलं आणि म्हाताऱ्यांकडं वळल्या. डब्याची पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. काचेआडूनही तो आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"ओ आबा, ही खिडकी उगडंना वो. मला न्हाय येत. तुमी बगता का?"

म्हातारे उठले. बाह्या सावरल्या, जोर लावला, पुन्हा जोर लावला. खिडकी उघडली. त्यांचा फुगा फुटला होता; खिडकी कशी धरायची, कुठं दाबायची हे ते मॅडमना हात करून समजावून सांगत होते आणि मॅडम डोळे मोठे करून ऐकत होत्या. मला जे म्हणायचं होतं ते राहिलं. डबल बेल झाली. गाडी वळली तरी म्हातारे बोलतच होते, आणि मॅडमनी त्यांचं ऐकत ऐकतच आम्हाला हात केला.

मी तात्यांकडं बघितलं. ते गाडीमागं उडालेल्या धुळीकडं बघत होते आणि त्यांचा सगळा चेहरा हसत होता.

"लबाड," तात्या म्हणाले.